पाला की बाटली? आधी पापणी उलटून बघा

(देवळाली कॅम्प येथे पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या गट प्रतिनिधींच्या बैठकीत एका पशुसखीने केलेले भाषण. ज्या मैत्रिणींना येता आले नाही त्यांच्यासाठी येथे देत आहोत. गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचावे.)



भगूर, लहवित, नानेगाव, शिंगवे बहुला, शेवगे दारणा, अशा सगळीकडून तुम्ही आज कॅम्पात आलात. घरची कामं टाकून आलात, म्हणून मी फार फिरवून बोलत नाही. आजचा विषय शेळीच्या पोटातले जंत, आणि त्यावरचा आपला झाडपाला. पाल्याने जंत जातात का? जातात तर किती जातात? आणि पाल्यावर थांबायचं नाही, हे कधी ओळखायचं?

हा विषय घ्यायचं कारण सरळ आहे. घरातली जमीन कोणाच्या नावावर असते ते तुम्हाला ठाऊक आहे. शेळी मात्र बाईची. शाळेची फी भरायची, दवाखाना करायचा, गटाचा हप्ता द्यायचा, तर आपण बोकड काढतो. आणि आपल्या भागात जंताने शेळी जाते ती आखाड-श्रावणात, म्हणजे ऐन गरजेच्या दिवसांत. बाई म्हणते, "काल तर चांगली खात होती." काल खात होती हे खरं, पण महिनाभर आतून रिकामी होत होती, हेही तितकंच खरं.

आत नेमकं काय चालतं

जंत खूप प्रकारचे आहेत. लेंडीत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसतात ते पट्टकृमीचे. ते डोळ्यांना दिसतात म्हणून आपण घाबरतो. पण शेळी मारणारा मोठा शत्रू लेंडीत दिसत नाही. तो गोलकृमी, शास्त्रातलं त्याचं नाव हिमाँकस. दोन-तीन सेंटीमीटर लांब, सुतासारखा बारीक. शेळीच्या चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो.

एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर रक्त खातो. म्हणजे एक थेंब. वाटतं, एका थेंबाने काय होतंय? आता हजार जंत धरा. दिवसाला 50 मिलिलिटर. अर्धा कप चहा होतो तेवढं रक्त, रोज. तीस किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं दोन लिटरच्या आसपास. हिशेब तुम्हीच करा, गटाचं पुस्तक तुम्हीच लिहिता.

या जंताची मादी दिवसाला पाच हजारांवर अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की आठवडाभरात त्यातून अळी तयार होते आणि दवाच्या पाण्यावरून गवताच्या पात्यावर चढते. फार वर चढत नाही, बहुतेक अळ्या जमिनीपासून चार-सहा बोटांच्या आतच असतात. शेळी बुडखापर्यंत गवत खाते, अळी पोटात जाते, तीन आठवड्यांत तिचा जंत होतो आणि पुन्हा अंडी सुरू.

आता आपल्या गावांची अडचण बघा. एका बाजूला लष्कराची हद्द, तिकडे जनावर नेता येत नाही. दुसऱ्या बाजूला दारणेच्या काठचा ऊस, तिथे बिबट्याची भीती. मग राहतं काय? गावालगतचा तोच तुकडा, तोच बांध. सगळ्यांच्या शेळ्या त्याच गवतावर, आणि तेही पार जमिनीपर्यंत खाल्लेलं. शेळी खरी झुडपं खाणारी, मान वर करून पाला ओरबाडणारी. तिला आपण मेंढीसारखं खाली मान घालून चरायला लावलं, तिथून जंताचा त्रास वाढला.

झाडपाल्यात खरंच काही आहे का?

आहे. आपल्या आज्या उगीच सांगत नव्हत्या. बाळाला वावडिंगाचं पाणी तुमच्यापैकी कितीजणींनी दिलंय? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळ्याच. तेच वावडिंग जनावरालाही देत आले आहेत. पळसाची बी, पळसपापडी म्हणतो ती, जंतासाठी देतात. कडुनिंबाचा पाला, डाळिंबाच्या मुळाची नि खोडाची साल, पपईचं बी, भोपळ्याचं बी, लसूण, ओवा. ही यादी महाराष्ट्रभर थोड्याफार फरकाने सापडते.

पुण्याची अंथ्रा ही संस्था महिला पशुवैद्यकांनी उभी केलेली. त्यांनी 1990 च्या दशकापासून महाराष्ट्रात आणि आंध्रात धनगर, आदिवासी, छोटे पशुपालक यांच्याकडचं असं ज्ञान गोळा केलं, वनस्पती ओळखून नोंदवल्या. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही गायी-म्हशींसाठी घरगुती औषधांच्या कृती प्रसिद्ध केल्या आहेत. त्यात जंतासाठी कांदा, लसूण, मोहरी, जिरं, कडुनिंब, कारलं, हळद, केळीच्या खांबाचा गाभा, गूळ अशा वस्तू वाटून गोळा करून तीन दिवस द्यायला सांगितलंय. म्हणजे याला अडाणीपणा म्हणून झिडकारायचं कारण नाही.

कारखान्यातलं औषधसुद्धा निसर्गातूनच आलंय. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत माणसांच्या पोटातल्या आकडेकृमीवर थायमॉल द्यायचे. थायमॉल कशात असतं? आपल्या ओव्यात. आज आपण आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतो, ते जपानमधल्या मातीतल्या जंतूपासून निघालं, आणि त्या शोधाला 2015 साली नोबेल मिळालं. फरक एवढाच की बाटलीतलं औषध मोजून, तोलून, तपासून भरलेलं असतं. आपल्या मुठीतला पाला मोजलेला नसतो.

वनस्पती काम कसं करते? पपईच्या चिकात मांस मऊ करणारा गुण असतो, तो जंताची कातडी झिजवतो. बाभूळ, बोर, जांभूळ यांच्या पाल्यात जो तुरटपणा असतो, जिभेला ओढ बसते तो, त्याला टॅनिन म्हणतात. टॅनिन प्रथिनाला चिकटतं. जंताच्या अंगालाही चिकटतं, आणि गवतातून आलेल्या अळीला पोटात गेल्यावर कात टाकू देत नाही. कात टाकली नाही तर ती पोटात ठाण मांडू शकत नाही.

मग चिमूटभर पळसपापडी पुरे का?

आता इथे नीट ऐका, कारण आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे.

पाकिस्तानात फैसलाबादच्या संशोधकांनी मेंढ्यांना पळसाच्या बियांची पूड दिली. त्याचा अहवाल 2006 साली छापून आला. वजनाच्या किलोमागे तीन ग्रॅम पूड दिली तेव्हा दहाव्या दिवशी लेंडीतली अंडी सुमारे 78 टक्क्यांनी कमी झाली. शेजारी लेव्हामिसोल हे नेहमीचं औषध दिलेल्या मेंढ्यांत 99 टक्क्यांनी कमी झाली.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, पळसाने काम केलं. थोडंथोडकं नाही, चारातली तीन अंडी गेली. दुसरी, त्यासाठी पूड किती लागली? किलोला तीन ग्रॅम म्हणजे तीस किलोच्या शेळीला नव्वद ग्रॅम. चहाच्या डब्यातून मोठी वाटी भरेल एवढी. आपण देतो चिमूटभर, गुळात घालून, आणि म्हणतो जंताचं दिलं. देणारीच्या मनाचं समाधान होतं, जंताला मात्र कळतही नाही.

म्हणून उद्या जाऊन नव्वद ग्रॅम पाजू नका हं. पळसाची बी जास्त झाली तर हगवण लागते, आणि गाभण शेळीला तर ती देऊच नये. प्रयोगात डॉक्टर समोर उभे असतात, आपल्या गोठ्यात नसतात.

कडुनिंबाचंही ऐका. काचेच्या बशीत जंत ठेवून त्यावर कडुनिंबाचा अर्क टाकला की अंडी फुटत नाहीत, अळ्या मरतात. पण ब्राझीलमध्ये मेंढ्यांना वाळवलेला पाला खाऊ घातला, तेव्हा फरक पडला नाही. कारण बशी वेगळी आणि शेळीचं पोट वेगळं. पोटात दहा-बारा लिटरचं आंबोण असतं. त्यात आपला वाटीभर काढा पडला की पातळ होतो, तिथले जंतू त्यावर काम करतात, मग तो चौथ्या पोटात पोचतो. शिवाय पाला कोवळा की जून, चैत्रातला की भाद्रपदातला, सावलीत वाळवला की उन्हात, यावर त्याचा गुण बदलतो.

तेव्हा माझं म्हणणं असं: पाला हा आपल्या शेळीचा रोजचा राखणदार आहे. घरात आग लागली की राखणदारावर भागत नाही, तेव्हा बंबच लागतो.

आग लागली हे ओळखायचं कसं?

पापणी उलटून. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यकांनी यासाठी पाच रंगांचा तक्ता केला, त्याला फॅमाचा म्हणतात. तक्ता नसला तरी डोळे आहेत.

शेळीला उजेडात आणा. एका अंगठ्याने वरची पापणी डोळ्यावर हलकी दाबा, दुसऱ्याने खालची पापणी खाली ओढा. आतली कड बाहेर येते, तिचा रंग दोन-तीन सेकंदांत बघा. दोन्ही डोळे बघा, जो फिका तो खरा धरा.

लालबुंद, डाळिंबाच्या दाण्यासारखी: ठीक आहे, औषध नको.
लालसर गुलाबी: ठीक, पंधरा दिवसांनी पुन्हा बघा.
नुसती गुलाबी: सावध. करडू असेल, गाभण असेल, दूध देत असेल तर औषध द्या.
फिकट गुलाबी: औषध आजच.
पांढरी, कागदासारखी: औषध आणि डॉक्टर, दोन्ही आत्ता.

याशिवाय जबड्याखाली पाणी उतरून पिशवीसारखी सूज आली, केस राठ झाले, कळपात मागे राहायला लागली, तर वाट बघू नका. अशा शेळीला काढा, पाला, अंगारा काही नको. पांढऱ्या पापणीच्या शेळीवर पाल्याचा प्रयोग करणं म्हणजे तिचे शेवटचे दोन दिवस वाया घालवणं. पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, नाहीतर 1962 ला फोन लावा, फिरत्या पथकाचा तो नंबर आहे.

एक आणखी. गोचीड, उवा खूप झाल्या तरी पापणी फिकी पडते. आणि दारणेच्या काठी, पाटाच्या कडेला, जिथे गोगलगायी असतात तिथे चरणाऱ्या शेळीला यकृतातला चपटा कृमी होतो. त्यानेही जबड्याखाली पाणी येतं. त्यावर आपला कुठलाच पाला चालत नाही, आणि जंताची प्रत्येक बाटलीही चालत नाही. कुठे चारता ते डॉक्टरांना आधी सांगा.

मग सगळ्यांना सरसकट बाटली का नको?

कोणी म्हणेल, ताई, कशाला पापण्या बघत बसायच्या? वर्षातून चार वेळा सगळ्यांना पाजून मोकळं व्हावं. कळपातले बहुतेक जंत थोड्याच शेळ्यांच्या पोटात असतात. दहातल्या दोन-तीन शेळ्यांकडे जवळजवळ ऐंशी टक्के जंत. बाकीच्या निभावून नेतात. सगळ्यांना पुन्हा पुन्हा तेच औषध पाजलं, तेही अंदाजाने कमी, तर कमकुवत जंत मरतात आणि औषध पचवणारे उरतात. पुढची पिढी त्यांचीच. शेळ्या-मेंढ्यांच्या नेहमीच्या औषधांना न जुमानणारे जंत भारतातही सापडले आहेत. उद्या बाटलीच चालेनाशी झाली तर पांढऱ्या पापणीच्या शेळीला द्यायचं काय?

म्हणून बाटली जपून वापरायची. ज्या शेळीला हवी तिलाच, पण पूर्ण मापाने. अंदाज नको, टेलरचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून मागच्या ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. आलं वजन किलोत. घेर 28 आणि लांबी 26 असेल तर 31 किलोच्या आसपास. मोबाईलवर होतं.

पाजताना मान आडवी ठेवा, तोंड आभाळाकडे करू नका. गालाच्या कडेने, सावकाश. घाईने ओतलेलं औषध असो की काढा, फुफ्फुसात गेलं की शेळी त्यानेच जाते. अल्बेंडाझोल गाभण शेळीला पहिल्या दीड महिन्यात देऊ नका. बाटलीवर दूध आणि मटण किती दिवस वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं. वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या, पण पाळा.

पाल्याची खरी जागा

आता पाला कुठे कामाला येतो ते सांगते, म्हणजे तुम्ही निराश होणार नाही.

पाला पाजण्यापेक्षा खायला द्या. बाभळीचा पाला आणि शेंगा, बोरीचा पाला, जांभळाचा पाला, रोज थोडा थोडा, जुडी बांधून शेळीच्या तोंडाच्या उंचीवर टांगा. तुरट चाऱ्याने अंडी कमी होतात. अमेरिकेत लेस्पेडेझा नावाचा तुरट चारा शेळ्यांना देऊन तिथल्या विद्यापीठांनी हे दाखवलंय. दुसरा फायदा याहून मोठा. शेळी वरचं खाते तोवर खालच्या गवतातली अळी तिच्या पोटात जात नाही.

मात्र नुसता तुरट पाला भरपूर दिला तर पचन मंदावतं, म्हणून हिरव्या चाऱ्यात मिसळून द्या. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, नाहीतर केस गळतात. सोबत मूठभर पेंड किंवा भरडा द्या. पोट भरलेल्या शेळीला जंताशी लढायची ताकद असते.

सकाळी दव वाळल्यावरच सोडा. कांदा, बाजरी, सोयाबीन काढलेलं रान असेल तर आधी तिकडे न्या, तिथे शेळीचे जंत नसतात. चार बोटांच्या खाली खाल्लेल्या तुकड्यावर महिनाभर जाऊ नका. तिथे गाय-म्हैस चरू द्या, शेळीच्या जंताची अळी मोठ्या जनावराच्या पोटात सहसा टिकत नाही. लेंडी गोठ्यात साचू देऊ नका. ढीग लावून झाका, आतल्या उष्णतेने अंडी मरतात आणि खतही चांगलं होतं.

आणि काही गोष्टी मात्र कायमच्या बंद. मोरचूद, तंबाखूचं पाणी, रॉकेल, सीताफळाच्या बियांची पूड. हे सगळं विष आहे. जंत मरो न मरो, शेळी मरू शकते. सीताफळाची पूड तर आपल्या हातावरून डोळ्यात गेली तरी डोळ्याला इजा होते.

आपल्या गटाने काय करायचं

आपल्याकडे वर्षानुवर्षांचं ज्ञान आहे, पण त्याचा पुरावा आपण कधी लिहून ठेवला नाही. तो आता ठेवायचा. प्रत्येक गटाने दहा शेळ्या निवडा. सगळ्यांच्या पापण्या लाल किंवा लालसर गुलाबी हव्यात, फिक्या पापणीची एकही नको. गाभणही नको. पहिल्या दिवशी दहाही शेळ्यांची ताजी लेंडी वेगवेगळ्या पिशवीत, हवा काढून, नाव लिहून दवाखान्यात द्या. त्याच दिवशी द्या, उशीर झाला तर पिशवीतच अंडी फुटतात. मग पाच शेळ्यांना रोज बाभूळ-बोरीची जुडी, पाच शेळ्या नेहमीच्या चाऱ्यावर. महिन्याने पुन्हा लेंडी तपासा आणि आकडे वहीत लिहा.

बाटलीचीही अशीच परीक्षा घ्या. औषध दिल्यावर दहा ते चौदा दिवसांनी लेंडी तपासा. शंभरातली पंच्याण्णव अंडी गेली पाहिजेत. चाळीस उरली असतील तर ते औषध आपल्या गावात चालेनासं झालंय, हे डॉक्टरांना सांगा. ही माहिती गटाच्या वहीतून आली तर ती कोणी उडवून लावणार नाही.

शेजारच्या सिन्नर तालुक्यात शेळी पाळणाऱ्या बायांनी सावित्रीबाई फुल्यांच्या नावाने स्वतःची उत्पादक कंपनी काढली आहे. आपण कंपनी काढू तेव्हा काढू. आज वही तर काढू.

येत्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या सगळ्या शेळ्यांच्या पापण्या बघून यायचं. किती लाल, किती गुलाबी, किती पांढऱ्या, तीन आकडे. बचतीच्या रकमेखाली तेही लिहायचे. आणि पांढरी एक जरी दिसली, तरी बैठकीची वाट बघायची नाही.

एवढंच सांगायचं होतं.  जय जिजाऊ, जय सावित्री.